पाचशेच्या नोटांची थप्पी, चंद्राच्या वाटेवर

१९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात मुक्काम हलवायचं ठरलं, तेव्हा गांधीजींनी जमनालाल बजाज यांना काही अटी कळवल्या. त्यातली एक घराच्या खर्चाची होती: होईल तितका कमी, आणि काही झालं तरी ५०० रुपयांच्या वर नाही. त्यातून उभं राहिलं ते सेगावचं, म्हणजे आताच्या सेवाग्रामचं, आदि निवास. तेव्हाचे ५०० रुपये आजच्यापेक्षा कितीतरी वजनदार होते, हे खरंच. पण नुसता आकडाच घ्यायचा तर त्या घराची खर्चमर्यादा आज एका नोटेत मावते. नोटेची जाडी धरू ०.१ मिलिमीटर.

दोनच वर्षांनी, १० फेब्रुवारी १९३८ रोजी, वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्ट सरकारने घरांसाठीच एक संस्था काढली. तीच पुढे फॅनी मे म्हणून ओळखली गेली. ती आणि १९७० मध्ये आलेली फ्रेडी मॅक, या दोघी मिळून आज ७ लाख कोटी डॉलरहून जास्त गृहकर्जांच्या पाठीशी उभ्या आहेत. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर हे झाले ५९५ लाख कोटी रुपये. पाचशेच्या नोटांची थप्पी लावली तर ती १ लाख १९ हजार किलोमीटर उंच जाईल, म्हणजे चंद्राची जवळपास एक तृतीयांश वाट. २०११ च्या जनगणनेप्रमाणे वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४. आर्वी ते समुद्रपूर, तान्ह्या लेकरासकट सगळ्यांत ही रक्कम वाटली तर माणशी ४५ कोटींच्या वर येतात.

एवढा पैसा एका जागी जमतो कसा? त्याचं मूळ अगदी साध्या अडचणीत आहे. वर्ध्यातल्या कुठल्याही बँकेत लोक सहसा मुदत ठेव ठेवतात ती वर्षाची, तीन वर्षांची, फार तर पाच वर्षांची. घराचं कर्ज मात्र वीस वर्षांचं. ८.५ टक्के दराने घेतलेलं २० लाखांचं कर्ज पाहा. महिन्याचा हप्ता १७,३५६ रुपये. पहिल्या हप्त्यातले १४,१६७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं जेमतेम ३,१८९. वीस वर्षांत कर्जदार भरतो पावणेबेचाळीस लाखांच्या आसपास. बँकेच्या बाजूने पाहिलं तर तिचे २० लाख थेंबाथेंबाने परत येणार, आणि तोवर दारात उभ्या असलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायला हातात पैसा नाही.

अमेरिकेत १९३३ मध्ये ही कोंडी टोकाला गेली होती. रोज सुमारे हजार घरांवर जप्ती येत होती आणि बँका धडाधड बुडत होत्या. फॅनी मेने उपाय काढला तो असा की बँकेने दिलेलं कर्जच आपण विकत घ्यायचं. बँकेला रोख मिळते, ती नवं कर्ज देते, तेही विकते. पुढे १९७० च्या दशकात हजारो कर्जांची मोट बांधून तिच्यावर रोखे काढायची पद्धत रुळली. एका गावातला हप्ता दुसऱ्या देशातल्या पेन्शन फंडाचं उत्पन्न झाला.

पण या गोष्टीतला सगळ्यांत थरारक आकडा लहान आहे. २००७ च्या अखेरीस दोन्ही संस्थांनी ५.२ लाख कोटी डॉलरची कर्जं एक तर स्वतःकडे ठेवली होती किंवा त्यांची हमी घेतली होती. त्यामागे स्वतःचं भांडवल होतं ८३ अब्ज डॉलर, म्हणजे शंभर रुपयांमागे १ रुपया ६० पैसे. वरच्या २० लाखांच्या कर्जाला हे माप लावलं तर आधार निघतो ३२ हजारांचा. त्यातून पुरते दोन हप्तेही भरून निघत नाहीत!

तरी जग निर्धास्त होतं, कारण ‘सरकार बुडू देणार नाही’ अशी समजूत होती. कायद्यात तशी हमी नव्हती. घरांच्या किमती कोसळल्या आणि सप्टेंबर २००८ मध्ये सरकारला दोन्ही संस्था ताब्यात घ्याव्या लागल्या. त्यांना तिजोरीतून मिळून १९१ अब्ज डॉलर द्यावे लागले. नंतर त्यांनी सरकारला लाभांशापोटी ३०० अब्ज डॉलरच्या आसपास दिलेही. पण २०२५ उजाडलं तरी त्या सरकारच्याच ताब्यात होत्या.

आपल्याकडे हे काम राष्ट्रीय आवास बँकेचं, म्हणजे एनएचबीचं. ९ जुलै १९८८ रोजी ती सुरू झाली. गृहकर्जांवरचे पहिले रोखे ऑगस्ट २००० मध्ये निघाले आणि नंतर हा व्यवहार रेंगाळला. शेवटी एनएचबीच्या पुढाकाराने अशा रोख्यांसाठीच आरएमबीएस डेव्हलपमेंट कंपनी उभी राहिली. मे २०२५ मध्ये एलआयसी हाऊसिंग फायनान्सच्या कर्जांवरचे रोखे राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदले गेले. प्रत्येकी १ लाखाची १ लाख प्रमाणपत्रं, व्याज ७.२६ टक्के, एकूण १,००० कोटी.

हजार कोटी ऐकायला मोठे वाटतात, पण २० लाखांचं एक कर्ज धरलं तर ही फक्त ५,००० घरं होतात. सप्टेंबर २०२४ अखेर देशात वैयक्तिक गृहकर्जांची थकबाकी ३३.५३ लाख कोटी होती. म्हणजे ३,३५० रुपयांच्या कर्जातला साधारण एक रुपया या वाटेने बाजारात आला. एरवी गृहकर्जाच्या धंद्यात पैसा ओतायला लोक एका पायावर तयार आहेत. ज्या जमनालालांना ५०० रुपयांची अट कळवली गेली, त्यांच्याच नावाशी जोडलेल्या समूहातल्या बजाज हाऊसिंग फायनान्सने सप्टेंबर २०२४ मध्ये ६,५६० कोटींचे शेअर विक्रीला काढले, तेव्हा ३ लाख कोटींहून जास्त रकमेची मागणी आली. कंपनीच्या शेअरवर अशा उड्या पडतात, कर्जाच्या रोख्यांचा बाजार मात्र अजून रांगतोय.

तो वाढायला हवा. वर्ध्यातल्या कर्जदाराने त्याचा धसका घ्यायचं कारण नाही. कर्ज विकलं गेलं तरी ठरलेल्या अटी बदलत नाहीत आणि हप्ता सहसा जुन्याच संस्थेकडे भरायचा असतो. गुंतवणूकदाराने मात्र, आणि करदात्यानेही, लाख कोटींचे आकडे ऐकून दिपून जाण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: हप्ते थकले तर पहिला तोटा कोण सोसणार, त्यासाठी शंभर रुपयांमागे किती रुपये बाजूला काढलेत, आणि सरकारची हमी असेल तर ती कुठल्या कागदावर लिहिली आहे. अमेरिकेला या तिन्ही प्रश्नांची उत्तरं २००८ मध्ये मिळाली, ती १९१ अब्ज डॉलर मोजून.