दारातली जुनी डिझेल पिकअप पुन्हा उभी करताना

आपल्याकडे बऱ्याच वाड्यांवर, वस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. गोठ्याच्या मागे किंवा लिंबाखाली एक जुनी डिझेल पिकअप उभी असते. टायर बसलेले, हौद्यात तुऱ्हाट्या नाहीतर रिकामे क्रेट टाकलेले, बॉनेटवर कोंबड्या. वडिलांनी किंवा चुलत्यांनी हौसेने घेतलेली ही गाडी भंगारात घालवत नाही आणि दुरुस्तीला हातही लागत नाही. दुसरीकडे टोमॅटो, कांदा, भाजीपाला बाजार समितीत न्यायला दर खेपेला भाडे मोजावे लागते. भाड्याची गाडी वेळेवर आली नाही तर तोडलेला माल बांधावरच राहतो. मग घरात वाद सुरू होतो : कर्ज काढून नवी गाडी घ्यावी, की दारातली जुनीच उभी करावी?

‘जुने ते सोने’ ही म्हण गाडीला सरसकट लागू पडत नाही. पण नीट पारखून, पायरीपायरीने काम केले तर जुनी पिकअप शेतकरी कुटुंबाला आणखी काही वर्षे चांगली साथ देऊ शकते. पुष्कळसे काम घरच्या शेडमध्ये होण्यासारखे आहे. कोणते काम घरी करावे, कोणते जाणकार मिस्त्रीकडे द्यावे आणि कोणत्या गाडीचा नाद सोडावा, याचा विचार या लेखात करू.

या गाड्या दुरुस्त का होतात?

आपल्या भागातील जुन्या पिकअप मुख्यतः महिंद्रच्या किंवा टाटांच्या. टाटामोबाइल १९८८ साली बाजारात आली आणि पुढे ‘२०७’ हे नाव घरोघर झाले. महिंद्र कंपनीने १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिन बनवण्याचा परवाना घेतला. २११२ सीसीचे ते इंजिन पुष्कळ जीपमध्ये व पिकअपमध्ये बसले. त्यानंतरचे २५२३ सीसीचे ‘डीआय’ इंजिन तर मुळात इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनाच्या घराण्यातले. म्हणून ट्रॅक्टरचे काम जाणणारा गावचा मिस्त्री त्या इंजिनापुढे बुजत नाही.

या गाड्यांचा सांगाडा, म्हणजे चासी, वेगळी असते आणि केबिन व हौदा तिच्यावर बोल्टने बसवलेले असतात. जुन्या इंजिनात संगणक नाही, सेन्सर नाहीत. म्हणून भाग सुटे करता येतात, पाहता येतात, बदलता येतात. हीच त्यांची मोठी सोय.

आधी कागद, मग पाना

नट सैल करण्यापूर्वी आरसी बुक काढून बसावे. चासीवरचा व इंजिनावरचा क्रमांक बुकातील क्रमांकाशी अक्षर-अक्षर ताडून पाहावा. क्रमांक जुळत नसेल किंवा नोंदणी रद्द झाली असेल तर तेथेच थांबावे. अशा गाडीवर घातलेला पैसा म्हणजे खडकावर पेरलेले बी.

मालवाहू गाडीला वैध पासिंग नसेल तर ती नोंदणीकृत मानली जात नाही. गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी असेल तर पासिंग दर वर्षी करावे लागते. पंधरा वर्षांवरील गाड्यांचे पासिंग शुल्क २०२२ पासून बरेच वाढलेले आहे. म्हणून थकलेला कर, पर्यावरण कर, विमा, पीयूसी व पासिंग यांचा एकूण आकडा परिवहन कार्यालयातून आधी लिहून आणावा. बुकावर जुन्या कर्जाचा बोजा असेल तर बँकेकडून नमुना ३५ घेऊन तो उतरवावा. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर नमुना २९ व ३० भरून ती आपल्या नावावर करून घ्यावी. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीलाही आता उच्च सुरक्षा नंबरपाटी आवश्यक आहे.

चासी म्हणजे घराचा पाया

इंजिन बदलता येते, पत्रा बदलता येतो. चासी खचली तर मात्र सगळेच बसले. गाडी सपाट जागेवर घ्यावी, खालचा चिखल खरवडून काढावा आणि लहान हातोडीने चासीवर जागोजाग ठोकत जावे. निरोगी लोखंड खणखणीत वाजते. गंजाने पोखरलेले बद्द आवाज करते. पाट्यांचे हँगर, शॅकल, आडव्या पट्ट्यांचे जोड आणि केबिनचे टेकू या जागा विशेष बारकाईने पाहाव्यात.

शेतकऱ्याच्या गाडीला गंज लवकर का चढतो, हेही समजून घ्यावे. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते. त्याची सांडलेली पावडर ओल धरते आणि लोखंड झपाट्याने खाते. मोरचूद लोखंडाला खातो, म्हणूनच बोर्डो मिश्रण लोखंडी भांड्यात करू नका असे आम्ही सांगत असतो. तोच मोरचूद हौद्याच्या फटीत सांडला तर पत्र्याची गत काही वेगळी होणार नाही. खते-औषधे वाहून आणल्यावर त्याच दिवशी हौदा झाडून, धुऊन कोरडा केला तरी गाडीचे आयुष्य वाढते.

गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये. विटा व दगड भाराखाली अचानक फुटतात. लोखंडी घोड्या सपाट, टणक जमिनीवर लावाव्यात, चाकांना ओंडके द्यावेत आणि मगच खाली जावे. एकट्याने हे काम करू नये.

बऱ्याच दिवसांनी इंजिन फिरवताना

वर्षानुवर्षे उभे इंजिन बॅटरी लावून एकदम फिरवू नये. टाकीतील जुने डिझेल काढून टाकावे, टाकी धुवावी, फिल्टर बदलावेत, ऑइल नवे भरावे. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडावे, रात्रभर मुरू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी इंजिन हाताने फिरवून पाहावे. मोकळे फिरले तर पुढे जावे. नंतर डिझेलच्या लाइनमधील हवा काढल्याशिवाय इंजिन धरणार नाही.

इंजिन सुरू झाल्यावर धूर पाहावा. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. एअर फिल्टर व नोझल तपासावेत. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हकडे संशय जातो. थंड इंजिनाचा पांढरा धूर थोड्या वेळात थांबला तर चिंता नाही. गरम झाल्यावरही थांबला नाही आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड उतरवावे लागेल. गेजपट्टीवर ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. ऑइल पातळ होऊन पातळी वाढली असेल तर डिझेल उतरते आहे.

इंजिन खोलणे, भाग धुणे, चिठ्ठ्या लावून डब्यांत ठेवणे, गॅस्केट, होज व पट्टे बदलणे ही कामे सवड काढून घरी होतात. घरातल्या शाळकरी मुलांनी प्रत्येक भागाचे नाव लिहून चिठ्ठी बांधली तर जोडताना मोठा उपयोग होतो. लायनर-बोअरचे काम, क्रँक घासणे, डिझेल पंप व नोझलचे कॅलिब्रेशन मात्र यंत्र असलेल्या कारखान्यातच द्यावे.

दोन धोके ध्यानात ठेवावेत. नोझलमधून उडणारी डिझेलची धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ दवाखाना गाठावा. दुसरे, पंपात बिघाड असेल किंवा ऑइल वर चढत असेल तर इंजिन आपोआप पळत सुटते आणि किल्लीने बंद होत नाही. अशा वेळी हवेचे तोंड बंद करणे हा उपाय. पहिल्यांदा सुरू करताना जाड सपाट फळी हाताशी ठेवावी. हाताचा पंजा लावू नये.

रंग आधी की ब्रेक आधी?

माझ्या तालुक्यातील दोन भावांनी अशीच जुनी पिकअप एका पावसाळ्यात शेडमध्ये खोलली. थोरल्याला नवी गाडी हवी होती, धाकट्याचा जीव जुनीत अडकला होता. त्यांच्या आईने मधला मार्ग काढला : अमुक रकमेपर्यंत खर्च करायचा, प्रत्येक पावती वहीत चिकटवायची आणि वही तिच्या पेटीत राहील. इंजिन झाले, पत्राकाम झाले आणि ठरलेली रक्कम संपत आली. आता उरलेल्या पैशांत एकच काम होणार होते. दसरा जवळ आलेला. मुलांना गाडी रंगवून पूजेला उभी करायची होती. आई म्हणाली, “रंग पुढच्या दसऱ्याला लावा रे. बाजारची वाट घाटाची आहे. आधी गाडी थांबेल तर खरी!”

ती गाडी त्या वर्षी लाल प्रायमरवरच पूजली गेली, पण तिचे चारही ब्रेक नवे होते. माझ्या मते ही माउली कोणत्याही इंजिनिअरला हार जाणार नाही. कामाचा क्रम हाच असावा : चासी, ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे, मग इंजिन, त्यानंतर पत्रा आणि सर्वांत शेवटी रंग.

बरीच वर्षे उभ्या गाडीचे ब्रेकमधील सर्व रबर व होज बदलावेत. ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषते, म्हणून जुने पूर्ण काढून टाकावे. त्यात इंजिन ऑइल चुकूनही मिसळू नये. रबर फुगते आणि ब्रेक निकामी होतो. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधील धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी. स्टिअरिंगचे भाग वेल्डिंग करून वापरू नयेत, नवेच घ्यावेत.

हौदा बांधताना

स्वतःच्या गरजेनुसार हौदा बांधून घेता येतो, पण कायद्याच्या चौकटीत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या आणि बुकात नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत हेच स्पष्ट केले. नियमबाह्य बदलास प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून चासी लांबवणे, वेगळ्या जातीचे इंजिन बसवणे, हौदा बाहेर काढणे असले उद्योग करू नयेत. शंका असेल तेथे परिवहन कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्यावी.

मूळ मापातच सोयी पुष्कळ करता येतात. भाजीपाल्याचे नेहमीचे प्लॅस्टिक क्रेट साठ बाय चाळीस सेंटिमीटरचे असतात. हौद्याची आतील मापे घेऊन आडवे-उभे किती बसतात हे जमिनीवर खडूने आखून पाहावे. तळाला पाणी निघायला भोके ठेवावीत, दोर बांधायला कड्या लावाव्यात.

मजबुतीच्या नादात लोखंड मात्र वाढवू नये. ‘नाकापेक्षा मोती जड’ होतो. समजा, बुकात भरलेल्या गाडीचे कमाल वजन २५०० किलो व रिकाम्या गाडीचे १५०० किलो आहे. उरले १०००. चालक व जोडीदाराचे १५० वजा केले की ८५० किलो राहतात. टोमॅटोचा भरलेला क्रेट २२ किलोचा धरला तर ३८ क्रेट बसतील. आता हौद्यात शंभर किलो लोखंड जादा घातले की क्रेट ३४ वर येतात. म्हणजे प्रत्येक खेपेला चार क्रेट घरीच राहणार! ते चार वरून लादले, तर तो भार ब्रेक व पाट्यांवर पडतो.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात आणि डिझेलची टाकी उतरवून दूर ठेवावी. रिकाम्या टाकीला घरी वेल्डिंग करणे म्हणजे प्राणाशी गाठ आहे. आतील वाफेचा स्फोट होतो. इंजिनाचे काम पावसाळ्यात शेडमध्ये करता येते, रंगकाम मात्र कोरड्या हवेतच करावे. गंज पूर्ण घासून काढावा, रेडऑक्साइड लावावे, मग रंग.

आणि एक कळकळीची विनंती. हौदा मालासाठी आहे. लग्नाचे वऱ्हाड, तोडणीच्या बाया, शाळेची पोरे त्यात बसवू नका. हे कायद्याविरुद्ध आहे आणि अपघात झाला तर विम्याचा आधारही मिळेलच असे नाही. गेलेला माणूस कोणत्याही मिस्त्रीला दुरुस्त करता येत नाही.

केव्हा सोडून द्यावे?

चासीला तडे असतील, क्रमांक जुळत नसतील किंवा दुरुस्ती व कागदांचा खर्च त्याच जातीच्या चांगल्या चालू गाडीच्या किमतीला भिडत असेल, तर मोह आवरावा. नाहीतर ‘चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला’ व्हायचा. अशी गाडी रस्त्यावरच्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत भंगार केंद्राला द्यावी. २०२१ च्या नियमांप्रमाणे तेथे ठेव प्रमाणपत्र मिळते, नोंदणी रीतसर रद्द होते आणि आपल्या क्रमांकाचा गैरवापर होण्याची भीती राहत नाही.

तेव्हा शेतकरी बंधु-भगिनींनो, येत्या सवडीच्या दिवसांत दारातल्या गाडीवरचा कडबा बाजूला करा. एका हातात हातोडी घ्या, दुसऱ्या हातात आरसी बुक. घरातल्या सर्वांनी बसून खर्चाची वही घाला आणि मगच पहिला नट सैल करा. गाडी उभी राहिली तर आपला माल आपल्या वेळेला बाजारात जाईल. नाही राहिली, तरी पैसे गुंतण्याआधी खरे काय ते कळलेले असेल.