मुंबईस जाणाऱ्या इंदूरकराची पेटी

इंदुराहून मुंबईस निघणारा मनुष्य पेटी भरतो ती बहुधा इंदुराच्या हवेकडे पाहून. जानेवारीत निघाला तर दोन स्वेटर, एक शाल आणि आईच्या आग्रहाखातर कानटोपी. मे महिन्यात निघाला तर कांद्याची गाठ खिशात आणि लू लागू नये म्हणून डोक्याला गुंडाळावयाचा पंचा. मुंबईस उतरल्यावर यांतले निम्मे सामान पेटीच्या तळाशी पडून राहते, आणि ज्याची निकड भासते ते घरच्या कपाटात असते. नकाशात पाहिले तर ही दोन्ही शहरे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, म्हणजे उष्ण कटिबंधातच. अक्षांशांत चार अंशांचेही अंतर नाही. परंतु इंदूर माळव्याच्या पठारावर सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर बसले आहे आणि मुंबई समुद्राच्या पाण्यात पाय सोडून बसली आहे. सगळा फरक या बैठकीचा आहे.

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, मुंबईत तो तेहतीस-चौतिसावर थांबतो. आकडा ऐकून आपला माणूस खूष होतो आणि तिसऱ्या दिवशी घामाने हैराण होऊन पत्रे, म्हणजे आता निरोप, पाठवू लागतो. याचे कारण सरळ आहे. माळव्याच्या कोरड्या हवेत घाम फुटतो न फुटतो तोच वाळतो आणि वाळताना अंगाची उष्णता घेऊन जातो. मुंबईच्या दमट हवेत आधीच बाष्प भरलेले, तिथे घाम वाळावयाचा कोठे? तो अंगावरच राहतो. म्हणून मुंबईच्या उन्हाळ्यासाठी पातळ सुती कपडे घ्यावे, आणि आपल्या हिशेबापेक्षा दुपटीने घ्यावे. दिवसातून दोनदा स्नान आणि दोनदा कपडे बदलणे ही तिथे चैन नव्हे. कडक खळ घातलेला झब्बा घराबाहेर पडताना दिसतो तसा स्टेशनापर्यंत राहात नाही. नायलॉन-टेरिलीनच्या जातीचे कपडे तर या दिवसांत घरीच ठेवावे. आतले कपडे मात्र मोजू नयेत, भरावे.

मुंबईत सर्वांत तापदायक महिना मेच असतो असेही नाही. मार्च-एप्रिलात कधीकधी जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे दुपारपर्यंत हटत नाहीत, समुद्राची झुळूक उशिरा सुरू होते आणि तेवढ्या अवधीत शहर तापून निघते. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश तापमान नोंदले गेले होते ते अशाच मोसमात. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरचा उकाडा येतो. आपल्याकडे त्या सुमारास रात्री चांदण्यात गच्चीवर बसण्याजोग्या होतात, म्हणून दिवाळीच्या आधी मुंबईस जाणारे जाड कपडे घेऊन जातात आणि फसतात.

थंडीचे म्हणाल तर मुंबईस ती पाहुणी आहे. २७ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता आणि ती गोष्ट अजून सांगितली जाते, यावरूनच तिचे दुर्मीळपण कळावे. डिसेंबर-जानेवारीत एक हलका स्वेटर पुरे, तोही हवेसाठी कमी आणि वातानुकूलित डब्यासाठी अधिक. डिसेंबर २०१७ पासून मुंबईच्या लोकलमध्येही असे गार डबे आले आहेत. बाहेर घाम आणि आत गारठा, या ये-जा करण्याने वृद्ध माणसांस त्रास होतो. त्यांच्याजवळ बारमाही एक उपरणे किंवा पातळ शाल असावी. ज्यांस दम्याचा विकार आहे त्यांनी मात्र या महिन्यांत बेसावध राहू नये. वारा मंदावला की बांधकामांची धूळ आणि धूर खालीच कोंडून राहतात. नाकावर बांधावयाची पट्टी आणि नेहमीचे औषध हाताशी हवे.

आता पाऊस. येथे मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण मुंबईचा पाऊस हा आपल्या पावसाचा थोरला भाऊ नव्हे, तो निराळ्याच कुळातला आहे. हवामान खात्याच्या हिशेबाने मोसमी पाऊस मुंबईत सरासरीने ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास निरोप घेतो. जुन्या पंचांगाच्या भाषेत मृगापासून हस्तापर्यंत. हत्तीचा पाऊस जाता जाता गडगडाट करून जातो हे तिथेही खरे आहे. चार महिन्यांत दोन हजार मिलीमीटरांहून अधिक पाणी पडते आणि त्यांत जुलैचा वाटा सर्वांत मोठा. २६ जुलै २००५ रोजी तर सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला. इंदुरास सबंध वर्षात पडतो जवळजवळ तेवढा. आणि नवल असे की, त्याच दिवशी कुलाब्यास पंचाहत्तर मिलीमीटरही भरला नाही. म्हणून ‘मुंबईत पाऊस कसा आहे?’ हा प्रश्न फोनवर विचारून उपयोग नाही. ज्या भागात उतरावयाचे त्या भागाचे विचारावे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट भरतीची. पावसाचे पाणी नाल्यांवाटे समुद्रास मिळते. परंतु मोठी भरती असली की समुद्रच नाल्यांत शिरू पाहतो आणि पाणी रस्त्यावर तुंबते. साडेचार मीटरांहून उंच भरतीचे दिवस महापालिका आधी जाहीर करते. तिकीट काढण्यापूर्वी ती यादी आणि हवामान खात्याचे पिवळे, नारिंगी, तांबडे इशारे पाहण्याची सवय ठेवावी. आपली गाडी वडोदरा-सुरतेवरून विरारमार्गे शहरात शिरते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यास रुळांवर पाणी चढले तेव्हा लांब पल्ल्याच्या गाड्या वाटेतच अडकल्या होत्या. पावसाळ्यात डब्यात एका वेळचे जास्तीचे जेवण आणि पाण्याची बाटली ठेवणाऱ्या आजीबाईंस हसू नये.

इंदुरातून मुंबईस जाणाऱ्यांत लग्नकार्यासाठी जाणारे आहेत, नोकरीच्या मुलाखतीसाठी जाणारे आहेत, पण परळच्या रुग्णालयांत उपचारांसाठी जाणारी कुटुंबेही थोडी नाहीत. हा मजकूर मुख्यतः त्यांच्यासाठी लिहावासा वाटला. परळ आणि दादर यांच्या मध्ये हिंदमाता हा सखल भाग आहे. तेथे पाणी साचण्याची ख्याती जुनी. रुग्णाचे कागद, तपासणीचे अहवाल, क्ष-किरणांची चित्रे ही कापडी पिशवीत घेऊन कोणी भर पावसात निघू नये. जाड प्लॅस्टिकच्या पाकिटात, तोंड नीट बंद करून, आणि सर्व कागदांची एक प्रत निराळ्या पेटीत, अशी व्यवस्था घरूनच करावी. कपडे भिजले तर वाळतील. चिकित्सेचा कागद लगदा झाला तर पुन्हा सर्व फेऱ्या आल्या. औषधेही दमट हवेत उघडी ठेवू नयेत. भेटीची वेळ सकाळची असेल तर त्या दिवशी पहाटे न उतरता आदल्या दिवशी पोहोचावे. पावसाळ्यात हा एक दिवसाचा खर्च वाया जात नाही.

तुंबलेल्या पाण्यातून चालण्याचे धाडस करू नये. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात शहरातील एका नामांकित डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला; ते तर मुंबईचेच होते, रस्ते ओळखणारे. नाइलाजाने जावेच लागले तर कडेने न जाता, हातातील काठीने किंवा छत्रीने पुढची जमीन चाचपीत जावे. पायांस जखम असेल तर अधिकच जपावे, कारण उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो. घरी येताच पाय साबणाने धुवावे आणि डॉक्टरांस लगेच विचारावे, ताप येण्याची वाट पाहू नये.

छत्री की रेनकोट, हा वाद घरोघर चालतो. एकट्या माणसास छत्री बरी, पण समुद्राकडच्या वाऱ्यात ती उलटते. हातात सामान किंवा कडेवर मूल असेल तर रेनकोटच हवा. माझे मत विचाराल तर दोन्ही घ्यावे. पायांत रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या चपला असाव्या, चामड्याच्या नव्हेत. चामड्याचे पट्टे, पाकिटे आणि बूट जुलैत आठवड्याभरात बुरशीने पांढरे होतात. जाड जीनचे कपडे दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून पातळच न्यावे. गणपतीस जाणाऱ्या बायकांनी भारी पैठणी नेलीच तर ती मलमलीत गुंडाळून न्यावी. मिरवावयास महेश्वरी पुरे, ती हलकी असते आणि आपल्या गावाकडची म्हणून कौतुकही होते.

शेवेचे विसरत होतो! मुंबईच्या नातलगांस इंदुराची शेव नेल्यावाचून आपल्याला गाडीत बसवत नाही. कागदाच्या पुड्यात बांधलेली शेव पावसाळ्यात दादर येईतो नरम पडू लागते आणि दुसऱ्या दिवशी तिची रया जाते. घट्ट झाकणाच्या डब्यात न्यावी, आणि डबा उघडल्यावर यजमानांनी तो लगेच बंद करावा हे त्यांस स्पष्ट सांगावे, संकोच करू नये.

परतल्यावर पेटी तशीच माळ्यावर टाकू नये. पेटीत मुंबईची ओल आलेली असते. सर्व कपडे, न वापरलेले सुद्धा, एक दिवस माळव्याच्या उन्हात पसरावे, पेटी उघडी ठेवावी, आणि मग डांबराच्या गोळ्या घालून झाकण लावावे.