एका पेटीची गोष्ट

ईद असो की दिवाळी, सणाला आपण घरावर दिव्यांच्या माळा लावतो. सण संपला की त्या काढून ठेवाव्या लागतात. घाईघाईने पिशवीत कोंबल्या, तर पुढच्या वर्षी काय होते? माळांचा गुंता होतो, बल्ब फुटतात, कागदी पताका चुरगळतात. पण तीच माळ पुठ्ठ्यावर नीट गुंडाळली आणि सगळे सामान एका खोक्यात रचून ठेवले, तर काही बिघडत नाही. शिवाय एक खोके उचलले की सगळे सामान उचलले जाते. आतल्या प्रत्येक वस्तूला हात लावावा लागत नाही.

गोष्ट साधीच आहे, नाही का? पण याच साध्या विचाराने जगाचा व्यापार बदलून टाकला.

पूर्वी जहाजावर माल कसा चढवत असत, ते पाहा. पोती, गासड्या, पिंपे, लाकडी खोकी असा नाना प्रकारचा माल ट्रकमधून बंदरावर येई. हमाल तो उतरवून गोदामात ठेवत. मग तोच माल पुन्हा उचलून जहाजात रचला जाई. दुसऱ्या बंदरावर हीच सगळी कामे उलट्या क्रमाने होत. त्यामुळे जहाजे कित्येक दिवस बंदरातच उभी राहत. माल फुटे, भिजे, चोरीलाही जाई.

अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचा जन्म १९१३ साली झाला. त्यांनी १९३४ साली ट्रकने माल वाहण्याचा धंदा सुरू केला. १९३७ साली कापसाच्या गासड्या घेऊन ते होबोकेन बंदरावर गेले असता त्यांना फार वेळ ताटकळत बसावे लागले, असे ते पुढे सांगत. एकेक गासडी उतरवण्याऐवजी ट्रकची पेटीच उचलून जहाजावर ठेवली तर? या विचाराला रूप यायला बरीच वर्षे लागली.

अखेर २६ एप्रिल १९५६ रोजी नेवार्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ हे जहाज ह्यूस्टनकडे निघाले. ते मुळात तेलवाहू जहाज होते. त्याच्या डेकवर ५८ पेट्या ठेवल्या होत्या. दर सात मिनिटांना क्रेनने एक पेटी चढवली आणि आठ तासांच्या आत काम संपले. सुटा माल चढवायला टनामागे सुमारे ५ डॉलर ८६ सेंट खर्च येई. या पद्धतीने तो जेमतेम १६ सेंट आला! या पेटीलाच आपण कंटेनर म्हणतो.

पण एक अडचण होती. धावत्या ट्रकवरून किंवा डोलणाऱ्या जहाजावरून पेटी घसरली तर? कीथ टँटलिंगर या अभियंत्याने त्यावर युक्ती काढली. पेटीच्या प्रत्येक कोपऱ्याला भोके असलेला पोलादी ठोकळा बसवला. ट्रकवरील कुलपाचे लांबट डोके खालून त्या भोकात शिरते. दांडा फिरवला की ते डोके आडवे होते आणि पेटी जागच्या जागी पक्की बसते. पेट्या एकमेकींवर रचल्या, तरी वरचा भार कोपऱ्यांच्या खांबांवर येतो, भिंतींवर येत नाही.

पुढे मॅक्लीन यांच्या कंपनीने या युक्तीवरील आपला हक्क सोडला. म्हणून सगळ्या देशांना एकाच मापाच्या, एकाच कुलपाच्या पेट्या वापरता आल्या. आज २० फूट आणि ४० फूट लांबीच्या पेट्या जगभर चालतात. एकच पेटी ट्रकवर, आगगाडीवर आणि जहाजावर बसते. आपल्या रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. तेथे रोज अशा पेट्यांची चढउतार चालते.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. ज्या हमालांच्या पाठीवर बंदरे चालत होती, त्यांचे काम क्रेनने घेतले. अनेक देशांत हजारो गोदी कामगारांचा रोजगार गेला. माल स्वस्त झाला. पण त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागली. नवा शोध लागला की त्याचा फायदा कोणाला आणि तोटा कोणाला, हेही आपण विचारले पाहिजे.

मित्रांनो, यापुढे रस्त्यावर कंटेनरचा ट्रक उभा दिसला, तर त्या पेटीचे कोपरे जरूर पाहा. भोकांचे ते ठोकळे तुम्हांला दिसतील. आणि घरात, शाळेत एखादे काम रोज अडत असेल, तर नुसते कुरकुरू नका. ते का अडते, याचा शांतपणे विचार करा. कोण जाणे, पुढची युक्ती तुम्हांलाच सुचेल!