कोरी चिप आणि तिची फाइल

दिल्लीलगतच्या नोएडा, ग्रेटर नोएडा, गुरुग्राम आणि मानेसर या पट्ट्यात मोबाइल, दूरचित्रवाणी संच आणि मोटारींचे इलेक्ट्रॉनिक भाग तयार करणारे कारखाने दाटीने वसले असून, नोएडाच्या सेक्टर ८१ मधील सॅमसंगचा विस्तारित कारखाना ९ जुलै २०१८ रोजी सुरू झाला तेव्हा त्याची वार्षिक क्षमता ६.८ कोटी फोनांवरून १२ कोटींवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले होते. अशा उत्पादनांत बसणाऱ्या कित्येक चिप मुळात कोऱ्या असतात, आणि यंत्राचे वर्तन ठरवणारा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, फाइलमधून त्यांत भरल्यावरच त्या उपयोगी ठरतात. चुकीचा सुटा भाग बसला तर तो कॅमेऱ्याच्या तपासणीत सापडू शकतो. जुन्या आवृत्तीची फाइल भरलेली चिप मात्र बाहेरून योग्य चिपसारखीच दिसते. म्हणूनच फाइल हादेखील उत्पादनाचा एक सुटा भाग मानून तिला स्वतंत्र क्रमांक आणि आवृत्ती द्यावी, मंजूर प्रत एकाच ठिकाणी जपावी, आणि कामगाराने यादीतून फाइल निवडण्याऐवजी कार्यादेशावरील बारकोड वाचून यंत्रानेच ती उघडावी, हे आवश्यक ठरते.

फाइल तीच आहे याची खूण म्हणून तिच्यातील सर्व अंकांच्या बेरजेवरून काढलेली छोटी संख्या, म्हणजे चेकसम, कार्यादेशावर नोंदवतात. ही खूण उपयुक्त असली तरी अपुरी आहे, कारण दोन अंकांची अदलाबदल झाली तरी साधी बेरीज बदलत नाही. शिवाय चिपमधील न वापरलेली जागा बेरजेत कशी धरायची हे ठरलेले नसेल, तर एकाच फाइलचा चेकसम दोन यंत्रांवर वेगळा येतो आणि निष्कारण गोंधळ माजतो. अंकांच्या क्रमावरही अवलंबून असणारी एसएचए-२५६ सारखी खूण येथे अधिक भरवशाची ठरते. काही चिपमध्ये घड्याळाचा वेग किंवा वाचनबंदी ठरवणाऱ्या मांडणी-नोंदी मुख्य फाइलबाहेर राहतात, आणि त्या लिहून ठेवल्या नाहीत तर अचूक फाइल भरूनही वस्तू बिघडलेली निघते.

याहून नाजूक प्रश्न प्रत्येक नगासाठी वेगळ्या असणाऱ्या माहितीचा आहे. फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक दुसऱ्या कोणत्याही फोनला देता येत नाही, आणि भारतात बनलेल्या प्रत्येक हँडसेटचा हा क्रमांक पहिल्या विक्रीपूर्वी सरकारी पोर्टलवर नोंदवणे १ जानेवारी २०२३ पासून बंधनकारक आहे. फर्मवेअरची एक फाइल लाखो वेळा वापरली जाते, तर क्रमांकांच्या फाइलमधील प्रत्येक ओळ एकाच नगाची असते. त्यामुळे वीज गेल्याने काम अर्धवट थांबले, तर कोणता क्रमांक खर्ची पडला, कोणता शिल्लक आहे आणि कोणता रद्द करायचा, याची नोंद त्याच क्षणी होणे अनिवार्य असते. ही नोंद पडताळल्याशिवाय उत्पादन पुन्हा सुरू केले, तर एकच क्रमांक दोन फोनांत जाऊ शकतो.