दाराबाहेरची माणसं

परळच्या रुग्णालयात, ऑपरेशन थिएटरच्या दारासमोरच्या बाकावर वहिनी बसल्या आहेत. सकाळी दादाला आत न्यायच्या आधी सिस्टरनं घड्याळ, चष्मा, कवळी सगळं काढून दिलं. तुळशीच्या माळेपाशी मात्र दादा अडला. वारी सुरू केल्यापासून ती गळ्यातून उतरलेली नाही. शेवटी वहिनींनीच हात पुढे केला, ‘‘माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. बाहेर आलात की मीच घालते.’’ ती माळ आता त्यांच्या मुठीत आहे. डबा उघडलेलाच नाही.

‘‘भावोजी, मी सही केली ते बरोबर केलं ना?’’ मघापासून हे एकच चाललंय. संमतीच्या कागदावर दादाच्या सहीखाली त्यांची सही आहे. काही बरंवाईट झालं तर ते आपल्या हातून झालं, असं त्या बाईनं मनात धरलंय. मी ‘बरोबर केलंत’ म्हणतो. थोड्या वेळानं त्या पुन्हा विचारतात.

आत काय चाललंय, ते डॉक्टरांनी काल मला चित्र काढून समजावलंय. छातीचं हाड मधोमध कापायचं, पायातली शीर आणि छातीतली धमनी जोडून तुंबलेल्या जागांना वळसा द्यायचा. तोवर रक्त यंत्रातून फिरवायचं आणि हृदय थांबवायचं. हे शेवटचं मी वहिनींना सांगितलेलं नाही.

दार उघडतं. ‘‘नातेवाईक कोण?’’ नाव ऐकण्याआधीच बाकांवरचे सगळे उभे राहतात. ज्यांचं नाव नसतं ते सावकाश खाली बसतात.

शेजारचे लालबागचे काका धीर देतात, ‘‘अहो, ह्याच परळात, केईएमला, १९६८ साली सेन डॉक्टरांनी हृदय बदललं होतं. आपलं तर नुसतं बायपास!’’ तो रुग्ण काही तासच जगला होता, हे मी बोलत नाही. काकांची बायको आत आहे.

कराडहून, पुण्याहून फोन येतात. सगळे दादाचं विचारतात. वहिनी प्रत्येकाला तेच सांगतात, आवाज अजिबात कापू न देता.

दुपारी सर्जन बाहेर येतात. ‘‘व्यवस्थित झालंय. मशीन काढलं, हृदय छान चालू झालंय.’’

‘‘चालू झालं? म्हंजे बंद होतं?’’

डॉक्टर थांबतात, बाकावर शेजारी बसतात आणि सगळं नीट सांगतात. वहिनी माझ्याकडे बघतात. रागावत नाहीत.

आयसीयूत एकालाच सोडतात. मी काचेतून पाहतो: तोंडात नळी, सुजलेला चेहरा, नळी ओढू नये म्हणून बांधलेले हात. बाहेर येऊन वहिनी एवढंच म्हणतात, ‘‘हात लई गार लागतात हो,’’ आणि दिवसभर आवरलेलं रडू फुटतं. सिस्टर सांगते, ऑपरेशनच्या वेळी शरीर थंड करतात, ऊब येईल हळूहळू. मग जरा थांबून म्हणते, ‘‘घरी गेल्यावर काही आठवडे चिडतील, उगाच रडतील. असं बऱ्याच जणांचं होतं. मनाला लावून घेऊ नका. फारच दिवस चाललं तर डॉक्टरांना सांगा.’’

एवढ्या दिवसांत वहिनींच्या मनासाठी कुणी बोललेलं हे पहिलं वाक्य. पथ्याचा छापील कागद मिळाला, गोळ्यांचा तक्ताही मिळेल. रात्ररात्र दादाचा श्वास ऐकत ज्या जागणार आहेत, त्यांच्यासाठी त्यात एक ओळ नाही.

कुणाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं की आपण फळं घेऊन जातो. जरूर जा. पण बाकावर बसलेल्या माणसाला आधी जेवायला घाला, आणि एक रात्र त्याच्या जागी तुम्ही बसा.