बाटलीवरचा रंग आणि पांढरा उंदीर

आवणी झाली की फवारणीचे दिवस येतात आणि औषधाच्या बाटल्या आपल्या पडवीत, माळ्यावर येऊन बसतात. मैत्रिणींनो, त्या बाटलीवर शंकरपाळ्याच्या आकाराचा एक चौकोन असतो, पाहिलाय कधी? त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हा रंग ठरतो तो प्रयोगशाळेतल्या उंदरांवरून.

वजनाच्या प्रत्येक किलोमागे किती मिलिग्रॅम औषध पोटात गेल्यावर निम्मे उंदीर दगावतात, हे पाहतात. ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५००० च्या वर हिरवा.

पण उंदीर आधीच आजारी असेल तर? यकृत बिघडलं ते औषधानं की रोगानं, कसं कळणार? म्हणून त्यांची बडदास्त बाळंतिणीसारखी! बेताचं तापमान, बारा तास उजेड, बारा तास अंधार. अंथरायला बऱ्याच ठिकाणी आपलं भाताचं तूसच, पण वाफेवर निर्जंतुक केलेलं. मादी २१ ते २३ दिवसांत विते आणि पिल्लं तीन आठवड्यांनी वेगळी करतात. खोलीत काही 'पहारेकरी' उंदीरही असतात. इतरांच्या पिंजऱ्यातलं वापरलेलं तूस त्यांच्याकडे टाकतात आणि ठरावीक काळानं त्यांचं रक्त तपासतात. रोग शिरलाच तर तिथे कळतो.

आपल्याच जिल्ह्यात, खारघरच्या 'अ‍ॅक्ट्रेक'मध्ये कॅन्सरच्या संशोधनासाठी असे उंदीर वाढवले जातात. १९९८ च्या नियमांनुसार अशा संस्थांना नोंदणी आणि नैतिक समितीची परवानगी लागते. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला तर २०१४ पासून आपल्या देशात बंदीच आहे.

मुक्या जिवांचं असं मोल देऊन मिळालेली ही खूण! आणि आपण काय करतो? उरलेलं औषध थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओततो. रंग गेला, नाव गेलं. तहानलेल्या पोराला काय कळणार?

तेव्हा औषध मूळ बाटलीतच, कुलपात ठेवा. कुणाच्या पोटात गेलंच तर मनानं उलटी करवू नका. लगेच दवाखाना गाठा आणि बाटली सोबत न्या. डॉक्टरांना उपचार ठरवायला तिच्यावरचं नाव आणि रंग फार उपयोगी पडतात.