चंदेरी कागद, उलटं आभाळ

मार्चच्या दुपारी नांदगाव पेठच्या शिवारात मिरचीच्या गादीवाफ्यावर वाकून बघा. चंदेरी मल्चिंग पेपरवरून परतलेला उजेड हनुवटीखालून तोंडावर येतो, डोळे बारीक करावे लागतात. एखादं पान उलटलं, तर त्याची खालची बाजूही उजळलेली. पांढरी माशी आणि मावा लपून रस शोषतात ती हीच बाजू.

उजेड जिकडे ते आभाळ, अंधार जिकडे ती जमीन, असा या किड्यांचा उडतानाचा हिशेब असतो. आपल्याला न दिसणारे अतिनील किरण त्यांना दिसतात. माती आणि हिरवी पानं हे किरण बहुतांशी शोषून घेतात. चंदेरी कागद ते परत फेकतो. मग खालीही आभाळच आहे असं वाटून किडा गोंधळतो, पिकावर कमी उतरतो. पांढरी माशी कमी आली की तिच्यामार्फत पसरणारा चुरडा-मुरडा रोगही लांबणीवर पडतो. रोप लहान असताना हे फार मोलाचं, कारण त्या वयात रोग लागला की झाड खुरटतं ते खुरटतंच. पुढे पानांनी कागद झाकला की हा गुण संपतो. कागद टाकला म्हणजे फवारणी सुटली, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

थंड देशांत हीच युक्ती वेगळ्या कामाला येते. न्यूझीलंडमध्ये द्राक्षवेलींखाली शिंपल्यांचा चुरा अंथरून पाहिला गेला. जपानात सफरचंदाला रंग चढावा म्हणून झाडाखाली चमकता कागद पसरतात. तिथे फळाला ऊन पुरत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून चंदेरी बाजू वर आणि काळी खाली. काळ्या थरामुळे उजेड मातीपर्यंत पोचत नाही, तण दबतं. काळी बाजू वर आली तर कागद तापतो आणि कोवळ्या रोपाचा बुंधा भाजतो.

खरी चिंता हंगामानंतरची. २५-३० मायक्रॉनचा हा प्लॅस्टिकचा कागद केसापेक्षा पातळ. उन्हाने जीर्ण झाला की ओढताना फाटतो, तुकडे मातीत राहतात. बरेचदा तो धुऱ्यावर जाळला जातो. ज्यांच्याकडे गव्हांडा किंवा सोयाबीनचं कुटार आहे, त्यांनी काही ओळींवर तेच जाड अंथरून पाहावं. मातीची ओल तेही धरतं, आणि शेवटी मातीतच मिसळतं. कागद वापरलाच, तर पीक निघताच, फाटण्याआधी गुंडाळून भंगारात द्या. धुऱ्यावर पेटवू नका.